नवा संगणक, जुनी विंडोज: सुरतच्या कापडधंद्यातली एक रीत

नवा संगणक विकत घ्यायचा, त्याच्यासोबत आलेली विंडोज पुसायची आणि तिच्या आधीची आवृत्ती टाकायची, ही रीत भारतात २००७ सालापासून जोरात रूढ झाली. परवान्याच्या कागदांत तिला ‘डाउनग्रेड’ म्हणतात. दुकानात नुसते ‘फॉरमॅट मारून एक्सपी टाका’ एवढेच सांगितले जाई. घरगुती ग्राहक बहुधा सवयीपोटी किंवा नवी विंडोज संथ वाटते म्हणून मागे जात असे. सुरतसारख्या उद्योगाच्या शहरात मात्र कारण जास्त भक्कम होते. तिथे संगणक हा कारखान्यातल्या यंत्राचा जोडीदार असतो. भरतकामाचे किंवा विणकामाचे यंत्र नीट राखले तर पंधरा-वीस वर्षे चालते, आणि त्याचे सॉफ्टवेअर एका ठरावीक विंडोजसाठी लिहिलेले असते. संगणकाचा मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी आधी जाते. मग नव्या डब्यात जुनी विंडोज बसवण्यावाचून मार्ग उरत नाही.

सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातले सर्वांत मोठे केंद्र. उधना, पांडेसरा, सचिन या भागांत माग आणि प्रक्रिया कारखाने, तर रिंग रोडवर कापडाचे घाऊक बाजार. मागांवरच्या आणि कारखान्यांतल्या कामगारांत ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारच्या बरोबरीने खानदेशातली माणसे मोठ्या संख्येने आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारहून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेली ही कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली इथे पिढ्यानपिढ्या राहतात, आणि तिथल्या गल्ल्यांत मराठी व अहिराणी सहज कानावर पडते.

या धंद्यात नक्षी यंत्राला सांगण्याची परंपरा संगणकापेक्षा खूप जुनी आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी मागाला नक्षी विणायला लावली. पत्त्यावर भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. १९८३ मध्ये बोनास या कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड बाजारात आणला आणि पत्त्यांच्या माळेची जागा संगणकातल्या फाइलने घेण्यास सुरुवात झाली. भरतकामातही हेच घडले. आधी नक्षी कागदी पट्टीवर भोके पाडून साठवत, मग फ्लॉपीवर आणि पुढे पेनड्राइव्हवर. साधन बदलले तरी सुरतेत भरतकामाची नक्षी संगणकावर तयार करण्याला आजही ‘पंचिंग’च म्हणतात.

हे काम जवळून पाहिले तर जुन्या विंडोजचा आग्रह लगेच समजतो. पंचिंग करणारा कारागीर साडीच्या काठाचे चित्र पडद्यावर मागे ठेवतो आणि त्यावर एकेक पान, एकेक वेल टाक्यांत उतरवतो. कुठे सॅटिन टाका, कुठे भरीव टाका, सुई कोणत्या दिशेने जाणार, धागा कुठे कापायचा, रंग कुठे बदलायचा, हे सगळे तो ठरवतो. तयार नक्षी बहुतेक वेळा जपानच्या ताजिमा कंपनीच्या नावाशी जोडलेल्या डीएसटी स्वरूपात साठवली जाते, कारण ते जवळपास प्रत्येक यंत्राला वाचता येते. मात्र त्या फाइलमध्ये फक्त सुईच्या हालचाली उरतात. पानाचा आकार बदलायचा, टाके दाट करायचे, तर मूळ सॉफ्टवेअरची मूळ फाइलच लागते. वर्षानुवर्षांच्या नक्ष्यांचा साठा असा एका सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीत अडकलेला असतो, आणि ते महागडे सॉफ्टवेअर डोंगल ही परवान्याची छोटी किल्ली संगणकाला लावल्याशिवाय उघडत नाही. जुने डोंगल प्रिंटरच्या समांतर पोर्टात बसत. त्यांचे ड्रायव्हर विंडोज ९८, २००० किंवा एक्सपीसाठी लिहिलेले होते.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या एक्सपीने इथे घर केले, त्याला तिची स्थिरता कारणीभूत होती. ९८ प्रमाणे ती दिवसातून अनेकदा अडकत नसे, आणि तरीही बऱ्याचशा जुन्या डॉस प्रोग्रॅमना ती सामावून घेई. गुजराती लिपी दाखवण्याची सोयही विंडोजमध्ये एक्सपीपासूनच आली. देवनागरी त्याआधी विंडोज २००० मध्ये आली होती. तरी ही सोय ज्यावर उभी होती त्या युनिकोडला छपाईच्या दुकानांत वाव नव्हता. लग्नपत्रिका, हँडबिले, बिलबुके पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या पुण्यात घडलेल्या पॅकेजच्या किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फाँटांत जुळवली जात. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मध्येच आली आणि तिथेच थांबली. म्हणून मराठी-गुजराती डीटीपीवाल्यांचेही एक्सपीशी तेवढेच घट्ट नाते जडले.

३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी आली आणि नव्या संगणकांत तीच भरून येऊ लागली. तिला जास्त मेमरी लागे, आणि जुन्या ड्रायव्हरांपैकी कितीतरी तिच्यावर चालत नसत. नाराजी जगभर होती. एप्रिल २००७ मध्ये डेलने घरगुती संगणकांवर एक्सपीचा पर्याय पुन्हा सुरू केला, तर २००८ मध्ये इन्फोवर्ल्ड या संगणकविषयक संकेतस्थळाने एक्सपी वाचवण्यासाठी सह्यांची मोहीम चालवली. मायक्रोसॉफ्टने ३० जून २००८ रोजी एक्सपीची किरकोळ विक्री थांबवली, पण मागे जाण्याची कायदेशीर वाट उघडी ठेवली.

ती वाट अशी होती: व्हिस्टाची बिझनेस किंवा अल्टिमेट आवृत्ती संगणकासोबत आली असेल, तर त्याच परवान्यावर एक्सपी प्रोफेशनल वापरता येई. एक्सपीची डिस्क आणि ती सक्रिय करण्याची की ग्राहकाने स्वतः मिळवायची. ती की आधी दुसऱ्या संगणकावर वापरलेली असली तर फोन करून कारण सांगायचे आणि सक्रिय करून घ्यायचे. दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी वापरता येत नसत. होम आवृत्तीला हा हक्क नव्हता. मोठ्या कंपन्यांना ही सवलत खरोखर उपयोगी पडली. दोन-चार यंत्रांच्या कारखानदाराला तिचा फारसा लाभ झाला नाही, कारण तो स्वस्त होम आवृत्ती घेई किंवा नुसत्या डॉसवर विकला जाणारा संगणक. त्यावर विंडोज टाकण्याचे काम दुकानदार करी, आणि पुष्कळदा ती परवान्याशिवायची असे. २०११ साली भारतात वापरात असलेल्या सॉफ्टवेअरपैकी ६३ टक्के विनापरवाना असल्याचा अंदाज बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेने दिला होता. ज्या लहान धंद्याला मागे जाण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्याच हातात परवान्याने काही ठेवले नव्हते, ही या व्यवस्थेची मोठी उणीव म्हटली पाहिजे.

तांत्रिक अडचणी वेगळ्याच होत्या. एक्सपीच्या डिस्कमध्ये हार्ड डिस्क चालवणाऱ्या नव्या साटा कंट्रोलरचे ड्रायव्हर नव्हते. इन्स्टॉल सुरू होई, निळ्या पडद्यावर फाइली भरल्या जात, आणि विंडोज सुरू होण्याच्या क्षणी शेवटी ‘७बी’ असलेल्या आकड्याची ब्लू स्क्रीन येई. उपाय दोन. एक म्हणजे इन्स्टॉलच्या आरंभी एफ६ दाबून ड्रायव्हर देणे. पण एक्सपी तो फ्लॉपीवरच मागे, आणि नव्या संगणकांतून फ्लॉपी ड्राइव्ह गेलेली होती. दुसरा म्हणजे बायॉसमध्ये जाऊन त्या कंट्रोलरचा नवा एएचसीआय मोड बंद करणे आणि जुना आयडीई मोड लावणे. जाणते कारागीर तिसरे करत: एन-लाइट या प्रोग्रॅमने ड्रायव्हर एक्सपीच्या डिस्कमध्येच मिसळून नवी सीडी जाळत. अशी जमलेली सीडी दुकानात जपून ठेवली जाई. त्यानंतर ध्वनी, ग्राफिक्स आणि नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर शोधायचे काम उरेच.

विंडोज ७ ने २००९ मध्ये बराचसा राग शांत केला, पण ६४-बिट आवृत्तीचा प्रश्न तिच्या काळातच ठळक झाला. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही, आणि तिच्यावर डिजिटल सही नसलेले ड्रायव्हरही चढत नाहीत. डॉसमधला जुना हिशेब किंवा जुन्या डोंगलचा ड्रायव्हर तिथे एका फटक्यात निकामी होई. म्हणून कित्येकांनी ६४-बिट पुसून ३२-बिट विंडोज टाकली. तिला ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरता येत नाही. पैसे मोजून घेतलेली उरलेली मेमरी पडून राहिली तरी चालेल, पण यंत्र थांबता कामा नये, असा हा हिशेब होता.

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आल्यावर अडथळे हार्डवेअरच्या मुळाशी गेले. बायॉसच्या जागी युईएफआय आले होते, आणि सिक्युअर बूटमुळे सही नसलेली विंडोज सुरूच होत नसे. डिस्क जीपीटी पद्धतीने विभागलेली असे, आणि जुन्या पद्धतीने बूट केलेला विंडोज ७ चा इन्स्टॉलर तिच्यावर बसायला नकार देई. सिक्युअर बूट बंद करायचे, लेगसी मोड सुरू करायचा, सगळी पार्टिशने उडवून डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची करायची, मगच काम पुढे सरके. डब्यावरचे कीचे स्टिकर जाऊन की मदरबोर्डच्या चिपमध्ये शिरली. कंपनीने दिलेले रिकव्हरी पार्टिशनही या सफाईत पुसले जाई, आणि पुन्हा नव्या आवृत्तीकडे यायचे तर पंचाईत होई.

२०१५ मध्ये इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर आले, तेव्हा विंडोज ७ च्या इन्स्टॉलरमध्ये माउस आणि कीबोर्डच चालेनात. नव्या यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर त्यात नव्हता. गिगाबाइट, असूस यांसारख्या मदरबोर्ड कंपन्यांनी ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये मिसळून देणारी साधने काढली. ती नसतील तिथे जुना गोल पिनांचा पीएस-टू कीबोर्ड कामी आला. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की पुढचे प्रोसेसर फक्त विंडोज १० वर चालवले जातील. ३१ ऑक्टोबर २०१६ नंतर संगणक-कंपन्यांनी विंडोज ७ प्रोफेशनल भरलेले संगणक विकणे बंद झाले.

याच काळात उलट दिशेचा रेटाही आला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. सुरतच्या कापड व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध त्या महिन्यात मोठा बंद पाळला. अखेर विवरणपत्रे भरावीच लागली. जीएसटीच्या ऑफलाइन साधनाला विंडोज ७ किंवा त्यापुढची आवृत्ती आणि एक्सेल २००७ लागे. हिशेबाच्या टेबलावर एक्सपीला त्यामुळे जागा उरली नाही. पंचिंगच्या टेबलावर ती टिकून राहू शकली. एकाच कार्यालयात दोन टेबलांवर दोन काळांच्या विंडोज असण्याची सोय यातून निघाली, आणि ती शहाणपणाची होती, कारण जुना संगणक इंटरनेटला जोडण्याची गरजच संपली.

ती खबरदारी किती आवश्यक होती हे १२ मे २०१७ ला पसरलेल्या वॉनाक्रायने दाखवले होते. या खंडणीखोर प्रोग्रॅमने मुख्यतः अद्ययावत न केलेल्या विंडोज ७ संगणकांना गाठले. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी अपवाद म्हणून दुरुस्ती दिली. जुन्या विंडोजचा प्रश्न कारखान्यांपुरता नव्हता: देशातली कितीतरी एटीएम एक्सपीवरच होती, आणि रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये ती बदलण्यासाठी बँकांना जून २०१९ पर्यंतची मुदत घालून द्यावी लागली.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला थांबला. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही. तिच्या प्रो परवान्यावर विंडोज १० पर्यंत मागे जाता येते, त्यापलीकडे नाही. आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून १० चाही नेहमीचा आधार संपला. अलीकडच्या अनेक संगणकांत लेगसी मोड उरलेला नाही आणि जुन्या विंडोजसाठी ग्राफिक्सचे ड्रायव्हर निघत नाहीत, त्यामुळे नव्या डब्यात एक्सपी किंवा ७ टाकणे जवळजवळ अशक्य झाले आहे. ज्यांची यंत्रे अजून जुन्या सॉफ्टवेअरवर आहेत, ते आता विंडोजऐवजी संगणकच जुना घेतात: कंपन्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त करून विकले जाणारे संगणक, शक्यतो मागे समांतर पोर्ट असलेले. यंत्राच्या फ्लॉपीच्या खाचेत मात्र तेवढ्याच आकाराचा यूएसबी एम्युलेटर बसतो, आणि यंत्राला तो फ्लॉपीच वाटतो.