रिंगफोर्ट
रिंगफोर्ट : आयर्लंडमधील प्रारंभिक मध्ययुगीन वर्तुळाकार तटबंदीयुक्त शेतवस्ती. मातीच्या बांधाच्या वस्तीस राथ किंवा लिस व दगडी तटाच्या वस्तीस कॅशेल वा कॅहर म्हणतात. अनेक आयरिश स्थलनामांत हे शब्द टिकून आहेत. अशी सु. ४५,००० स्थळे ज्ञात असून त्यांपैकी बहुसंख्य इ. स. सु. ६०० ते ९०० या काळातील आहेत.

‘फोर्ट’ या शब्दामुळे दुर्गाची कल्पना मनात येते, परंतु ती दिशाभूल करणारी आहे. सामान्य रिंगफोर्टचा अंतर्गत व्यास सु. ३० मी. असून त्याभोवती एक खंदक व त्यातील मातीचाच रचलेला एक बांध असे. आत एका कुटुंबाची घरे असत. विहीर बहुधा नसे. त्यामुळे वेढ्याला तोंड देणे अशक्य होते, आणि एवढा परीघ राखण्यास एका घरातील माणसेही पुरेशी नव्हती. मात्र तत्कालीन समाजात गाय हेच संपत्तीचे परिमाण होते. दंडाची रक्कमही गायींत मोजली जाई. शेजाऱ्यांची गुरे पळवून नेणे हा तरुण राजांच्या पराक्रमाचाच भाग समजला जाई. अशा झटपट धाडींना व लांडग्यांना काही काळ थोपविणे, एवढेच बांधाचे काम होते. काही ठिकाणी आढळणारी अरुंद भुयारे धाडीच्या वेळी लपण्यास व एरवी दूधदुभत्याच्या साठवणीस उपयोगी पडत.

बांधांची संख्या संरक्षणापेक्षा प्रतिष्ठा दर्शविते. ‘क्री गावलाख’ या इ. स. ७०० च्या सुमाराच्या विधिग्रंथानुसार राजाच्या निवासाभोवतीचा खंदक त्याच्या आश्रितांच्या श्रमातून खणला जाई. कॉर्क परगण्यातील गॅरन्स येथे तीन बांध आहेत. १९३७ मधील उत्खननात तेथे कांस्यकाम व मीनाकामाचे अवशेष आणि भूमध्य सागरी प्रदेशातील मृत्पात्रांचे तुकडे मिळाले. सामान्य शेतकऱ्याच्या आवारात असे काही मिळत नाही.

घरांची सर्वांत स्पष्ट माहिती अँट्रिम परगण्यातील डिअर पार्क फार्म्स येथे मिळाली. ओलाव्यामुळे तेथील हेझलच्या फांद्यांनी विणलेल्या दुहेरी भिंतींची गोल घरे टिकली. दोन भिंतींमध्ये उबेसाठी गवतपाला भरलेला होता. एका दरवाजाच्या ओक लाकडाचा काळ वृक्षवलयांवरून इ. स. ६४८ असा निश्चित झाला आहे.

पुढे ही आवारे परींची निवासस्थाने मानली गेली व शेतकरी त्यांना नांगर लावण्यास भीत. या समजुतीने अनेक स्थळे वाचविली. विसाव्या शतकात यंत्रशेती सुरू झाल्यावर मात्र पुष्कळशी सपाट झाली. त्यांपैकी काहींची वर्तुळे आता केवळ विमानातून, पिकांच्या रंगछटेतील फरकावरून ओळखता येतात.