माशीच्या माथ्यावरचा मणी

ट्राउट मासा धरण्यासाठीं गळावर पिसें व दोरा गुंडाळून कृत्रिम माशी बांधतात. दक्षिण इंग्लंडांतील खडूच्या खडकांतून उगवणाऱ्या नितळ नद्यांवर, हॅल्फर्ड यांच्या १८८६ व १८८९ च्या ग्रंथांमुळें एक दंडक रूढ झाला: माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे. ती बुडविणें त्यांच्या अनुयायांस असभ्य वाटे. स्क्यूज या वकिलांनीं मात्र माशाचें पोट तपासलें. तेथें त्यांना पंख न फुटलेले जलकीटक, म्हणजे निंफ, सांपडले. १९१० सालीं त्यांनीं बुडत्या माशीचा पक्ष ग्रंथरूपानें मांडला. तरी १९३८ सालींही लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत त्यावर वाद रंगला. त्याच वर्षीं, वयाच्या ऐंशीच्या घरांत, इचन नदीवरील आपली आवडती जागा त्यांनीं सोडली.

पुढें एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांनीं दोऱ्याऐवजीं तांब्याची बारीक तार गुंडाळून निंफास वजन दिलें. आज गळाच्या अणीवरून पितळेचा वा टंगस्टनचा मणी ओवून नेढ्यापाशीं सरकवितात. त्याच्या भारानें निंफ झटकन् तळाकडे जातो. त्या इवल्याशा मण्यांत जुन्या वादाचा निकाल आहे: मासा काय खातो, हें ग्रंथास नव्हे, माशासच विचारावें.