‘अरेते’ : एका ग्रीक संज्ञेचा अर्थविकास

ग्रीक नीतिविचारातील ‘अरेते’ या संज्ञेचे मराठी भाषांतर बहुधा ‘सद्गुण’ असे केले जाते. ते सोयीचे असले तरी त्यामुळे या शब्दाचा पूर्वेतिहास झाकला जातो. ‘सुरीचा सद्गुण’ असे मराठीत कोणी म्हणणार नाही. ग्रीकमध्ये मात्र सुरीलाही अरेते असू शकते.

होमरच्या ‘इलियड’मध्ये ही संज्ञा घोड्यांच्या श्रेष्ठत्वासाठी, तशीच पायांच्या चपळाईसाठीही आलेली आहे. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात वराहपाल युमेअस म्हणतो की, दास्याचा दिवस उगवताच झ्यूस माणसाची अर्धी अरेते हिरावून घेतो. येथे अरेते परिस्थितीवर अवलंबून आहे, हे उघड होय. परंतु हे बोलणारा युमेअस स्वतः दास असून धन्याशी त्याची निष्ठा अढळ आहे, ही विसंगतीही लक्षात घेण्याजोगी आहे.

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात या जुन्या अर्थाला तात्त्विक रूप दिले. डोळा, कान, द्राक्षवेल छाटण्याची सुरी यांपैकी प्रत्येकाचे एक विशिष्ट कार्य असते, आणि जिच्या योगाने ते उत्तम पार पडते ती त्याची अरेते. याच न्यायाने आत्म्याची अरेते म्हणजे न्याय, असा निष्कर्ष तेथे निघतो. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) विवेकयुक्त व्यापार हे मनुष्याचे कार्य मानले व नैतिक अरेते सवयीने घडते असे प्रतिपादिले.

तथापि कार्यावरून श्रेष्ठत्व ठरवावयाचे, तर कार्य कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न उरतोच. ॲरिस्टॉटलच्याच ‘पॉलिटिक्स’मध्ये दासाला सेवेपुरतीच अल्प अरेते दिलेली आहे. होमरची ‘अर्धी अरेते’ येथे सिद्धान्तरूपाने परत येते. पुढे इ. स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत, दास्यातून मुक्त झालेल्या एपिक्टेटस या स्टोइक विचारवंताने मनुष्याचे श्रेय त्याच्या स्वतःच्या संकल्पशक्तीत शोधले. ती कोणाही धन्याला हिरावून घेता येत नाही, असे त्याचे मत होते.

‘औषधाला गुण आला’ या मराठी प्रयोगातील ‘गुण’ मूळ अर्थाला अधिक जवळचा आहे. परंतु ‘गुण उधळणे’ या प्रयोगात तोच शब्द निंदाव्यंजक होतो. अरेते उत्तमत्वच दर्शविते. म्हणून भाषांतरात एकच प्रतिशब्द सर्वत्र योजण्यापेक्षा कालपरत्वे ‘पराक्रम’, ‘श्रेष्ठत्व’ व ‘सद्गुण’ असा भेद राखणे इष्ट ठरते.