नटाची निवृत्ति

नटाने रंगभूमीची रजा केव्हा घ्यावी, हा प्रश्न ऐंशीच्या घरातील विलायती रॉक-गायकांच्या दौऱ्यांमुळे आज निघतो. महाराष्ट्रापुढे तो बालगंधर्वांच्या रूपाने पूर्वीच उभा राहिला होता. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हां नारायणराव राजहंस पंचविशीत होते. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांनी रसिकांस वेड लाविले. त्यांच्या वेषभूषेचे अनुकरण कुलीन घरांतूनही होऊ लागले. वैभवाबरोबर कर्जही वाढत गेले. 1935 च्या 'धर्मात्मा' बोलपटात ते एकनाथ झाले, म्हणजे आमच्या उमापुराहून फार दूर नसलेल्या पैठणचेच संत. स्त्रीवेष उतरविण्याची ती संधि होती. परंतु बोलपट त्यांना मानवला नाही. ते पुन्हा लुगडे नेसून रंगभूमीवर आले, आणि 1955 मध्ये, सदुसष्टीच्या सुमारास, सिंधू म्हणून अखेरचे उभे राहिले.

हा केवळ हट्ट होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. केशवराव भोसले 1921 साली एकतिसाव्या वर्षी गेले, म्हणून त्यांचे वार्धक्य कोणी पाहिले नाही. त्यात शहाणपणाचा प्रश्नच नव्हता. नारायणरावांनी वेष सोडून गाणे तेवढे ठेवावयास हवे होते, हे आमचे मत. मात्र सिंधूच पाहिजे म्हणून तिकीट काढणारा प्रेक्षक या दोषातून सुटत नाही. आम्हां पगारदारांस निवृत्तीची तारीख सरकार ठरवून देते, मागून पेन्शनही येते. मंडळीच्या मालकाला मागून येत ते सावकार.