तोंडी कराराचा गिटारवाला

डिसेंबर १९९६. लंडनच्या हायकोर्टात एका बंद पडलेल्या बँडचा हिशेब चालला होता. ‘द स्मिथ्स’ हा मँचेस्टरच्या चौघा पोरांचा बँड फुटून नऊ वर्षं झाली होती. ड्रमर माइक जॉइसचं गाऱ्हाणं साधं होतं. गाणी दोघांनी रचली, त्याचे पैसे त्यांनी खुशाल घ्यावेत. पण वाजवली चौघांनी, मग रेकॉर्ड आणि कार्यक्रमांच्या कमाईत माझा वाटा दहाच टक्के का? गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार चाळीस-चाळीस टक्के घेत आले होते. जॉइस दहा टक्क्यांना कबूल होता, असं त्या दोघांचं म्हणणं. पण तसं लिहिलेलं चिटोरंही कोणाला दाखवता येईना. मग कोर्टाने १८९० चा भागीदारी कायदा पुढे केला: वेगळं काही ठरल्याचं सिद्ध होत नसेल, तर भागीदारांचा वाटा सारखा. जॉइसला पंचवीस टक्के मिळाले. त्यापोटी त्याच्या पदरात सुमारे दहा लाख पौंड पडल्याचं सांगतात. बेस गिटार वाजवणाऱ्या अँडी रूर्कने त्याआधीच ८३ हजार पौंडांवर तडजोड केली होती, म्हणजे खरा फटका त्यालाच बसला.

हा गलथानपणा या चौघांपुरताच होता असं मात्र नाही. ज्या धंद्यात ते वाढले, तो धंदाच बराचसा विश्वासावर चालत असे.

त्या धंद्याला मिळालेलं ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, हे नाव आज एका वाजवण्याच्या तऱ्हेला दिलं जातं. मुळात तो मालाच्या वाटपाचा प्रश्न होता. मँचेस्टरच्याच ‘बझकॉक्स’ या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड गोळा करून जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या हजार प्रती काढल्या होत्या, खप गेला सोळा हजारांच्या आसपास. मोठ्या कंपनीचं तोंड न पाहता तबकडी काढता येते, हे त्यातून सगळ्यांना दिसलं. विकायची कुठे, याचं उत्तर लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिसने १९७६ साली उघडलेल्या ‘रफ ट्रेड’ या दुकानाने दिलं. दुकानातून वितरण सुरू झालं, वितरणातून रेकॉर्ड कंपनी. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा, असा तिथला रिवाज. जानेवारी १९८० पासून अशा तबकड्यांची खपाची वेगळी यादी छापली जाऊ लागली. तिच्यात यायला अट एकच होती, माल मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून गेलेला नसावा. त्यामुळेच पुढे पॉपगायिका कायली मिनोगची चकचकीत नाचगाणीही त्या यादीत झळकली, आणि कोणाला हरकत घेता आली नाही!

जॉनी मारचा जन्म ३१ ऑक्टोबर १९६३ चा. आईवडील आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यातून पोटासाठी मँचेस्टरला आलेले. घर आर्डविकच्या कामगार वस्तीत. कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेली लाकडी खेळण्यातली गिटार ही त्याची पहिली गिटार. तिला पांढरा रंग फासून त्याने वर बाटल्यांची बुचं चिकटवली, म्हणजे ती विजेवरची दिसावी. आडनावाचं स्पेलिंगही त्याने बदललं, कारण बझकॉक्सच्या ड्रमरचं नाव हुबेहूब तेच होतं.

१९८२ मध्ये हा अठरा वर्षांचा, कपड्यांच्या दुकानात काम करणारा मुलगा स्ट्रेटफर्डमधल्या किंग्ज रोडवर एका घराचं दार ठोठावायला गेला. आत राहणारा मॉरिसी त्याच्याहून चारेक वर्षांनी मोठा, बेकार आणि पुस्तकांत बुडालेला. दोघांनी मिळून गाणी करायचं ठरलं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला मँचेस्टरच्या ‘रिट्झ’मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. पहिल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च जो मॉस या कपड्यांच्या व्यापाऱ्याने उचलला. मार आणि रूर्क टेप घेऊन थेट लंडनला रफ ट्रेडच्या कचेरीत गेले आणि ट्रॅव्हिसला गाठून ती त्याच्या हातात ठेवली. करारावर सह्या झाल्या त्या मात्र मॉरिसी आणि मार या दोघांच्याच. पुढच्या खटल्याचं बी तिथेच पडलं.

मारच्या वाजवण्यात नवीन काय होतं? १९८३ पर्यंत रॉकचा गिटारवादक म्हणजे गाणं मध्येच थांबवून स्वतःची करामत दाखवणारा गडी, अशी समजूत पक्की होती. मार गाणं थांबवत नाही. गायकाच्या ओळींखालून तो दुसरी चाल धावती ठेवतो, एकेक तार सुटी वाजवत. ‘धिस चार्मिंग मॅन’मध्ये गिटारचे थरावर थर चढवलेले आहेत. शेवटी टेलिकास्टर गिटार फेंडरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर आडवी ठेवून तारांवर धातूच्या मुठीच्या सुऱ्या टाकल्या आणि तो आवाजही आत घेतला. ‘हाऊ सून इज नाऊ?’ची ती थरथर तर निव्वळ अंगमेहनत आहे. फेंडरचे अनेक अ‍ॅम्प्लिफायर एकदम लावायचे, त्यांची थरथर ताला‌त ठेवायची, आणि ती सुटली की टेप थांबवून मागे न्यायची. मार आणि निर्माता जॉन पोर्टर यांनी ते गाणं असं तुकड्यातुकड्यांनी बांधलं. ऑगस्ट १९८४ मध्ये रफ ट्रेडने ते दुसऱ्या एका गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं. मागणी वाढल्यावर जानेवारी १९८५ मध्ये ते पुढच्या बाजूवर आलं.

चार वर्षांत चार स्टुडिओ अल्बम. ‘मीट इज मर्डर’ १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पण बँडचं व्यवस्थापन पाहणारा मॉस १९८३ अखेरीसच बाजूला झाला होता आणि त्याच्या जागी कोणी टिकेना. गाण्यांचं संगीत रचणाऱ्या मुलालाच भाड्याच्या गाड्यांचा घोळही निस्तरावा लागे. त्यात रफ ट्रेड सोडण्याच्या खटपटीमुळे भांडण कोर्टात गेलं आणि ‘द क्वीन इज डेड’ तयार होऊनही काही महिने अडकून पडला. १९८७ च्या उन्हाळ्यात मार बाहेर पडला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

इथून पुढची पंचवीस वर्षं चरित्रकार दोन पानांत उरकतात, हे मला पटत नाही. कारागीर मार याच काळात दिसतो. प्रीटेंडर्समध्ये काही काळ, टॉकिंग हेड्सच्या ‘नेकेड’ अल्बमवर पाहुणा, मग मॅट जॉन्सनच्या ‘द द’मध्ये काही वर्षं. गायक बर्नार्ड समनरबरोबर त्याने ‘इलेक्ट्रॉनिक’ हा जोडबँड काढला. त्यात गिटारपेक्षा कीबोर्डचा बोलबाला, आणि जुने चाहते नाराज. २००३ मध्ये ‘द हीलर्स’ या नावाखाली ‘बूमस्लँग’ आला. त्यात तो स्वतः गायला, पण अल्बम जडच आहे. नंतर तो अमेरिकेत पोर्टलंडला ‘मॉडेस्ट माउस’मध्ये सामील झाला, सन्माननीय पाहुणा म्हणून नव्हे, रीतसर सदस्य म्हणून. २००७ चा त्यांचा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिला आला. पुढे वेकफील्डच्या तीन भावांचा ‘द क्रिब्स’. २०१० मध्ये ‘इन्सेप्शन’ या चित्रपटात हान्स झिमरच्या संगीतात जी गिटार ऐकू येते, ती त्याचीच.

फक्त स्वतःच्या नावावर पहिला स्टुडिओ अल्बम, ‘द मेसेंजर’, आला फेब्रुवारी २०१३ मध्ये. त्या वेळी तो एकोणपन्नास वर्षांचा होता. अल्बमने ब्रिटनमध्ये दहावा क्रमांक गाठला. मग ‘प्लेलँड’, ‘कॉल द कॉमेट’ आणि २०२२ मध्ये ‘फीव्हर ड्रीम्स’. गायक म्हणून त्याची झेप बेताची आहे, मॉरिसीचा विखार त्याच्या शब्दांत नाही. पण ‘कॉल द कॉमेट’मधली गिटार ऐकली की ती कोणाची, हे विचारावं लागत नाही.

कागदाचं प्रकरण मात्र संपलेलं नव्हतं. तिसराच कोणी द स्मिथ्सचं नाव वापरू पाहत असल्याचं २०१८ मध्ये लक्षात आलं. त्या नावाचं व्यापारचिन्ह बँडकडे नव्हतंच. मारने ते नोंदवून घेतलं. सप्टेंबर २०२४ मध्ये मॉरिसीने यावरून जाहीर तक्रार केली. त्यावर मारच्या बाजूने सांगण्यात आलं, की मालकी दोघांची सामाईक करण्याच्या कागदावर मारने त्याच वर्षी जानेवारीत सही केली आहे, मॉरिसीची सही तेवढी बाकी आहे.