दुसऱ्याच्या वाढीसाठी मागणं : साताऱ्याचा ‘देवाचा दरबार’

आज आपण प्रार्थनेच्या एका प्रकाराचा इतिहास बघणार आहोत. आजारी माणूस बरा व्हावा, पोराला नोकरी लागावी, यासाठी प्रार्थना होते, ती आपल्याला लगेच समजते. पण ‘त्याची श्रद्धा वाढो, त्याचं प्रेम वाढो’ असं दुसऱ्यासाठी मागायचं, हे जरा वेगळं आहे.

ख्रिस्ती परंपरेत याचा जुना नमुना म्हणजे पौलाची पत्रं. फिलिप्पैकरांना लिहिताना तो कैदेत आहे. तो त्यांच्यासाठी मागतो काय? त्यांची प्रीती ज्ञानासह वाढावी. कलस्सै इथल्या बऱ्याच लोकांनी तर त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, तरी त्यांना देवाची इच्छा कळावी म्हणून तो प्रार्थना करतो. या मागण्यांत धनदौलत नाही, शत्रूचा पाडाव नाही. माणूस आतून मोठा व्हावा, एवढंच आहे.

आता आपल्या भागात येऊ. एकोणिसाव्या शतकात साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन काम करत होतं, तर सांगली-मिरज-कोल्हापूर भागात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांचं इस्पितळ १८९४ मध्ये उभं राहिलं. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही तिथे आहे. शाळा, दवाखाना आणि उपासना, असं हे काम होतं. या सगळ्याच्या पाठीशी प्रार्थना होतीच. पण तिच्यात एक अडचण होती. प्रार्थना करणारा वर आणि ज्याच्यासाठी करायची तो खाली, असं सहज होऊन बसायचं. ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो’ या वाक्यात प्रेम असू शकतं, तसंच ‘तू अजून कमी आहेस’ हेही असू शकतं. ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

हा तिढा ज्यांनी स्वतःच्या आयुष्यात सोसला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातला. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार दिला आणि ‘तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल’ असं सांगितलं. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं. लक्ष्मीबाई काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या, तेव्हाही सुरुवातीला त्यांनी आपलं सोवळं सोडलं नाही. त्या आपल्या विचारानं, आपल्या वेगानं पुढे गेल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे ठाऊक आहे. माझ्या मते इथे एक मोठी गोष्ट शिकायला मिळते : दुसऱ्याची वाढ आपल्याला मागता येते, ओढून आणता येत नाही.

त्याच काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात सामुदायिक प्रार्थनेला उधाण आलं. १९०५ च्या जानेवारीत ७० च्या आसपास स्त्रिया रोज एकत्र जमू लागल्या. जूनपर्यंत हा आकडा ५०० च्या वर गेला. लक्षात घ्या, यातल्या कित्येकजणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली आणि विधवा होत्या. कालपर्यंत ज्यांच्यावर दया केली जात होती, त्याच आता इतरांसाठी मागत होत्या. देणारा आणि घेणारा, ही वाटणीच तिथे पुसली गेली.

टिळकांनी हेच पाऊल साताऱ्यात वेगळ्या तऱ्हेनं टाकलं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून, ख्रिस्ती संन्यासी म्हणून ते साताऱ्यात राहिले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना. आता विचार करा, अशा दरबारात कोणी कोणासाठी प्रार्थना करायची? वरचा खालच्यासाठी, असं म्हणायला जागाच उरत नाही. सगळेच वाढायचे आहेत.

ही दृष्टी त्यांना आली कुठून? तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. मराठी माणसाला दुसऱ्यासाठी मागणं परकं नाहीच. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी पसायदान मागितलं, तेही स्वतःसाठी नव्हतं. त्यात दुर्जनाचा नाश मागितलेला नाही, त्याचा वाकडेपणा जावा असं मागितलं आहे. पौल आणि पसायदान एकच, असं मी म्हणत नाही. दोन्हींमागची श्रद्धा वेगळी आहे. पण टिळकांच्या कानात दोन्ही होते.

दरबार फार टिकला नाही. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले आणि ती चळवळ ओसरली. संस्था म्हणून तो फसला, असं कोणी म्हणेल. पण त्यानं टाकलेला प्रश्न आजही सातारा-सांगलीतल्या मंडळ्यांपुढे, आणि खरं तर कुठल्याही श्रद्धावंतापुढे आहे. मी ज्याच्यासाठी प्रार्थना करतो, त्यानं माझ्यासारखं व्हावं असं मला वाटतं, की त्यानं देवाच्या जवळ जावं, मग तो माझ्याही पुढे निघून गेला तरी चालेल? यातलं दुसरं मागणं अवघड आहे. आणि ते मागणाऱ्याला स्वतःलाही वाढावं लागतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.