बजी पक्ष्यांना व्हिटॅमिनचं औषध: कधी द्यायचं, किती द्यायचं आणि कधी अजिबात नाही

ईद झाली की आपल्या मोहल्ल्यातल्या पक्षीवाल्याकडे मुलांची गर्दी होते. ईदीच्या पैशांतून हिरव्या-निळ्या पक्ष्यांची एक जोडी, छोटा पिंजरा आणि पावशेर दाणा घेतला जातो. दुकानदार जाता जाता एक लहान बाटली हातात ठेवतो आणि म्हणतो, पाण्यात दोन थेंब टाकत जा, तब्येत बनेल. घरचे लोक खरंच रोज दोन थेंब टाकतात. तरीही दोन-तीन वर्षांत पक्षी मरतो आणि मूल आठवडाभर रडतं. नीट निगा राखली तर हाच पक्षी सात-आठ वर्षं सहज जगतो. म्हणून हा विषय जरा खोलात सांगायचं आम्ही ठरवलं.

आधी नावाचा घोळ दूर करू. ज्यांना आपण सगळे 'लव्हबर्ड' म्हणतो ते बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतातच. ते बजरीगर, थोडक्यात बजी. मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातले. जॉन गोल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर पसरले. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगाने जाडसर आणि आखूड शेपटीचे. आपल्याकडचा हिरवा राघू, ज्याला घरोघरी 'मिठ्ठू' म्हणतात, तो मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. बजी परदेशी असल्याने त्याला ती अडचण नाही.

बजीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दाण्यात काय नसतं?

बाजारात मिळणारा दाणा म्हणजे कांगनी (मराठीत राळं), बाजरी, थोडे इतर बारीक दाणे, कधी सूर्यफुलाचं बी. बजी हे आवडीने खातो, पोटही भरतं. पण या दाण्यात व्हिटॅमिन ए जवळजवळ नसतं, कॅल्शियम फार कमी, व्हिटॅमिन डी नाही आणि आयोडीनही पुरेसं नाही. फॉस्फरस मात्र भरपूर असतो आणि त्यामुळे आहे ते कॅल्शियमही अंगी लागत नाही. सूर्यफुलाच्या बियांत तेल जास्त, त्या रोज दिल्या तर पक्षी लठ्ठ होतो आणि यकृत बिघडतं. रानातला बजी दिवसभर मैलोन्‌मैल उडतो, नाना प्रकारच्या गवतांचं कच्चं-पिकं बी खातो. पिंजऱ्यातला एकाच वाटीतून तेच दोन-तीन वाळलेले दाणे वर्षानुवर्षं खातो.

व्हिटॅमिन ए कमी पडलं की नाक, घसा, श्वासनलिका यांच्या आतलं नाजूक अस्तर जाड आणि कोरडं होतं. मग जंतू सहज शिरतात. पक्षी शिंकतो, नाकातून पाणी येतं, डोळे सुजतात, तोंडात पांढरे चट्टे दिसतात, पिसं निस्तेज होतात. आयोडीनच्या कमतरतेने गळ्यातली थायरॉईड ग्रंथी फुगते. ती बाहेरून दिसत नाही, पण आत श्वासनलिकेवर दाब येतो. पक्षी श्वास घेताना चिकचिक किंवा शिट्टीसारखा आवाज करतो, खाल्लेलं बाहेर टाकतो. लोक म्हणतात सर्दी झाली. केवळ दाण्यावर वाढलेल्या बजींमध्ये हा जुना आणि ओळखीचा आजार आहे.

कॅल्शियमचा फटका जास्त करून मादीला बसतो. एकामागून एक अंडी घातली की तिच्या हाडांतलं कॅल्शियम कवचात जातं. मग मऊ कवचाचं अंडं येतं, किंवा अंडं आतच अडकतं. मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली, जोर लावतेय, शेपटी वरखाली हलतेय, असं दिसलं तर ते व्हिटॅमिन देण्याचं काम नाही. तिला ऊब द्या आणि ताबडतोब डॉक्टरकडे न्या, कारण काही तासांत जीव जातो.

पाण्यात थेंब टाकण्याची पद्धत

सगळ्यात जास्त वापरली जाणारी आणि सगळ्यात कमी उपयोगाची पद्धत हीच. बजी दिवसभरात पाणी पितो ते जेमतेम काही मिलिलिटर. रसदार भाजी खाल्ली तर आणखी कमी. म्हणजे औषध किती पोटात गेलं याचा काही हिशेबच लागत नाही. उजेडात आणि पाण्यात काही व्हिटॅमिनं तासाभरातच कमजोर व्हायला लागतात. बऱ्याच औषधांत साखर आणि स्वाद असतो, त्यामुळे गरमीत पाणी दुपारपर्यंत बुळबुळीत होतं आणि जंतू वाढतात. काही पक्षी चव बदलली म्हणून पाणीच सोडतात, आणि एवढ्या छोट्या जिवाला उन्हाळ्यात तेही परवडत नाही.

दुसरी पद्धत दाण्यावर पावडर भुरभुरवण्याची. बजीला दाणा खाताना नीट बघा. तो दाणा चोचीत फिरवतो, साल काढून टाकतो आणि आतला गर खातो. पावडर सालीबरोबर खाली पडते. (याच सालीमुळे आणखी एक घोटाळा होतो. वाटी भरलेली दिसते पण वर नुसता भुसा असतो. पक्षी उपाशी आणि घरच्यांना पत्ता नाही. रोज वाटीवर फुंकर मारून भुसा उडवा.) पावडर द्यायचीच असेल तर ती ओल्या खाण्याला चिकटवून द्यावी: किसलेलं गाजर, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, भिजवलेली डाळ.

डोसाचं गणित

आता ते वजन आठवा. आपल्याकडे कोंबड्यांसाठीचं व्हिटॅमिन लिक्विड बजीला सर्रास दिलं जातं. दीड किलोची कोंबडी म्हणजे वजनाने चाळीसपेक्षा जास्त बजी. काही घरांत तान्ह्या बाळाचे डी-३ चे थेंब दिले जातात. बाळाला दिवसाला ४०० युनिट सांगितलेले असतात आणि चार किलोचं बाळ म्हणजे शंभराहून जास्त बजी. तिथे 'एक थेंब जास्त पडला तर काय होतं' हा विचार चालत नाही.

व्हिटॅमिन बी पाण्यात विरघळतं, जास्त झालं तर बहुतांश शरीराबाहेर जातं. ए, डी, ई आणि के ही चरबीत विरघळतात आणि शरीरात साठत जातात. त्यातही डी-३ सगळ्यात धोक्याचं. ते जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडात जमतं. पक्षी खूप पाणी पितो, शीट पाण्यासारखी पातळ होते, तो सुस्त बसतो. घरचे समजतात कमजोरी आली आणि दोन थेंब आणखी टाकतात. आमच्या मते बाटलीमुळे होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

व्हिटॅमिन सी ची काळजी नको. पोपटाच्या जातीतले पक्षी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात.

मग द्यायचं काय?

व्हिटॅमिन ए साठी सगळ्यात भरवशाची वस्तू भाजीवाल्याकडे आहे. गाजर, लाल भोपळा, लाल ढोबळी मिरची, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा कोवळा पाला. यात व्हिटॅमिन ए तयार स्वरूपात नसतं, बीटा-कॅरोटीन असतं. पक्ष्याचं शरीर त्यातून लागेल तेवढंच ए बनवतं, म्हणून जास्त होण्याची भीती नाही. बाटलीत आणि भाजीत हाच मोठा फरक. पालक अधूनमधून चालेल, रोज नको, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. अव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि खारट पदार्थ मात्र कधीच नाहीत. अव्होकॅडो तर पक्ष्यांसाठी सरळ विष आहे.

'आमचा पक्षी भाजीला तोंड लावत नाही' ही तक्रार आम्हाला विद्यार्थ्यांकडून नेहमी ऐकू येते. दाण्यावर वाढलेल्या बजीला मेथी हे खाणं आहे हेच ठाऊक नसतं. सकाळी, दाण्याची वाटी ठेवण्याआधी, धुतलेली ओली जुडी पिंजऱ्याच्या जाळीला बांधा. ओल्या पानांत अंग घासायला त्यांना आवडतं, त्या नादात चोच लागते. रोज हेच करा. कधी आठ दिवस लागतात, कधी तीन महिने. फवारणी असते म्हणून भाजी नीट धुवा आणि गरमीत दोन-तीन तासांत काढून टाका. बाजरी किंवा मूग रात्रभर भिजवून, धुऊन, पांढरा कोंब फुटेपर्यंत ठेवले तर बरेच पक्षी हिरव्या भाजीआधी तेच खातात. आंबूस वास आला की फेकून द्यायचे.

कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवा. पक्ष्यांच्या दुकानात तो कटलफिश बोन म्हणून मिळतो, अत्ताराकडे 'समंदर झाग' मागितलं तरी तीच वस्तू. पण कॅल्शियम अंगी लागायला डी-३ लागतं आणि ते उन्हातून मिळतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्यासाठी कामाचं नाही, काच ते किरण अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हात पिंजरा वीस-तीस मिनिटं गॅलरीत ठेवा, अर्धा भाग सावलीत राहील असा. मांजर आणि कावळे यांच्यासाठी कुणीतरी तिथे बसायला हवं. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागला, पंख अंगापासून लांब धरू लागला तर लगेच आत घ्या.

पेलेट म्हणजे तयार गोळीसारखं खाणं आता शहरांत मिळतं. महाग आहे, पण त्यात आयोडीनसह सगळं मापात घातलेलं असतं. जो पक्षी मुख्यतः पेलेट खातो त्याला वरून व्हिटॅमिन देऊच नये, दुप्पट डोस होतो. दाण्यावरून पेलेटवर आणताना आधी चुरा करून दाण्यात मिसळा आणि प्रमाण हळूहळू वाढवा. 'भूक लागली की खाईल' असं म्हणून दाणा बंद करू नका. एवढा लहान पक्षी एक-दोन दिवसांच्या उपासाने मरू शकतो.

बाटलीची खरी गरज कधी?

गरज पडते, नाही असं नाही. नुसत्या दाण्यावरचा पक्षी भाजी शिकेपर्यंत, अंडी आणि पिल्लांच्या काळात, पिसं गळून नवी येताना, आजारातून उठल्यावर. तेव्हा पिंजऱ्यातल्या लहान पक्ष्यांसाठी बनवलेलं एकच औषध, डॉक्टरांनी वजन बघून सांगितलेल्या मापाने आणि ठरलेल्या दिवसांपुरतं द्यावं. पाण्यातून द्यायला सांगितलं असेल तर पाणी रोज बदला आणि भांडं घासून घ्या. आयोडीनसाठी स्वयंपाकाचं मीठ चाटवू नका.

काही आजार कमतरतेसारखे दिसतात पण तसे नसतात. चोचीवर आणि पायांवर खरबरीत, मधाच्या पोळ्यासारखा थर आला तर ते बारीक किड्यांचं काम आहे, त्याचं औषध वेगळं. पिल्लांची पंख-शेपटीची पिसं एकाएकी गळाली तर बऱ्याचदा विषाणू असतो. पक्षी भरपूर खातोय आणि तरी छातीचं हाड सुरीसारखं वर येतंय, तर पोटात बुरशी असू शकते. अशा वेळी व्हिटॅमिन देत बसलं की उपचाराचे दिवस वाया जातात.

मुंबईत परळचं बाई साकरबाई जनावरांचं रुग्णालय सगळ्यांना माहीत आहे. इतर ठिकाणी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथले डॉक्टर पक्षी बघत नसतील तर कोण बघतं ते सांगू शकतात. जाताना पक्षी त्याच्याच पिंजऱ्यात न्या, वरून कापड टाका. खालचा कागद बदलू नका, डॉक्टरांना शीट बघायची असते. दाणा थोडा सोबत घ्या आणि आतापर्यंत जी जी औषधं दिली त्यांच्या बाटल्याही न्या, लेबलसकट.